नजर कुठे अडते?

किनाऱ्यावर उभं राहून समोरचं क्षितिज किती लांब असेल, असं विचारलं तर बहुतेकजण पंचवीस-पन्नास किलोमीटर तरी सांगतात. खरं उत्तर आहे साधारण साडेचार. डोळे पाण्यापासून 1.6 मीटर उंच असले तर नजरेची रेषा पृथ्वीच्या फुगवट्याला तेवढ्या अंतरावर चाटून जाते आणि त्यापलीकडचं पाणी आड होतं. हिशोब तोंडी करता येईल इतका सोपा आहे: डोळ्यांची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि 3.57 ने गुणायचं. येईल ते अंतर किलोमीटरमध्ये. हा 3.57 पृथ्वीच्या 6371 किलोमीटर त्रिज्येतून निघतो. चंद्राची त्रिज्या 1737 किलोमीटर, म्हणून तिथे उभ्या माणसाचं क्षितिज जेमतेम 2.4 किलोमीटरवर येतं. गोलाचा आकार आणि पाहणाऱ्याची उंची, मुळात या दोनच गोष्टी अंतर ठरवतात. अकराव्या शतकात अल्-बिरूनीने हाच हिशोब उलटा मांडला. आज पाकिस्तानात असलेल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिज आडव्या रेषेच्या किती खाली दिसतं, तो कोन त्याने मोजला, सुमारे 34 कला, आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली.

वर्गमूळ आलं की उंचीचा मोबदला घटत जातो. वाळूत पालथं पडून डोळे दहा सेंटिमीटरवर आणले तरी 1.1 किलोमीटर दिसतं. पण शंभर मीटर उंचीवरून आणखी एक मीटर वर चढलं, तर भर पडते 180 मीटरचीच. अंतर दुप्पट हवं तर उंची चौपट लागते. मात्र दीपगृहाच्या बाबतीत दोन्ही टोकांची उंची कामी येते. दिवा पाण्यापासून 40 मीटरवर आणि होडीतल्या तांडेलाचे डोळे तीन मीटरवर असतील, तर दोघांची क्षितिजं जोडून तो दिवा 31 किलोमीटरपर्यंत दिसू शकतो. त्या टोकाच्या अंतरावर तांडेल खाली बसला की दिवा पाण्याआड जातो आणि उभा राहिला की पुन्हा दिसतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की दुर्बीण लावल्यावर ‘बुडालेलं’ जहाज पुन्हा दिसतं, मग फुगवटा कसला? इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. लांब गेल्यामुळे बारीक झालेलं जहाज दुर्बिणीतून मोठं दिसेल, यात शंका नाही. पण ते वीस किलोमीटरवर असेल, तर किनाऱ्यावरच्या माणसाला त्याचा खालचा पंधरा-एकोणीस मीटरचा भाग कुठल्याही भिंगातून दिसणार नाही. मासेमारीचा ट्रॉलर असेल तर तो बहुधा सगळाच गडप.

पंधरा की एकोणीस, एवढा फरक का, हा प्रश्न मात्र रास्त आहे, कारण इथे हवा मध्ये येते. खालची हवा दाट, वरची विरळ, म्हणून प्रकाश किंचित खाली वाकत येतो आणि क्षितिज सर्वसाधारणपणे आठेक टक्के लांबतं. वर दीपगृहाचा हिशोब करताना 3.57 ऐवजी 3.86 धरले आहेत ते यासाठी. थंड पाण्यावर गरम हवा असेल तर वाक आणखी वाढतो. 1838 साली इंग्लंडमध्ये सॅम्युअल रोबॉथमने बेडफर्डच्या सरळ कालव्यात डोळे पाण्यापासून वीसेक सेंटिमीटरवर ठेवून सहा मैलांवरच्या होडीचं निशाण पाहिलं आणि पृथ्वी सपाट असल्याचं जाहीर केलं. पाण्याला इतकं लगटून पाहणं म्हणजे जिथे हवा सर्वात जास्त फसवते नेमकी तीच जागा निवडणं. 1870 मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसने पृथ्वी सपाट मानणाऱ्याशी पैज लावून त्याच कालव्यावर नजरेची रेषा बरीच वर घेतली. ओळीने धरलेल्या तिन्ही खुणा पाण्यापासून सारख्याच उंचीवर होत्या, तरी मधली खूण दोन टोकांच्या रेषेच्या वर दिसली. पैजेचे 500 पौंड त्याला मिळाले. त्यापाठोपाठ हरलेल्या पक्षाकडून वर्षानुवर्षं शिव्याशापही.

मग हवा इतकी लबाड असेल तर सूत्राला अर्थ काय उरला? माझ्या मते उलट आहे: हवेने किती वाकवलं हे मोजायला आधी सूत्राचं उत्तर हाताशी लागतं. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर उन्हाळ्यात थेट अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी उमटत, हजार किलोमीटरहून कितीतरी दूरचे. सूत्राप्रमाणे रडारचं क्षितिज त्यामानाने अगदी जवळ होतं. समुद्रावरच्या दमट हवेवर कोरडी गरम हवा पसरली होती आणि त्या थरांमध्ये अडकून रेडिओलहरी पृथ्वीच्या वळणाबरोबर वळत होत्या. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले, थर ढवळले गेले, की अरबस्तान पडद्यावरून नाहीसा होई.