डिस्चार्जच्या कागदानंतर

  वरकुट्याहून आलेल्या एका पत्राला आज उत्तर द्यायला हवं. त्यातला प्रश्न या लेखमालेच्या अगदी गाभ्याचा आहे.

पत्रलेखकाच्या बहात्तर वर्षांच्या आईच्या अंगावरनं वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली. सत्तरीपुढच्यांना मिळणारं आयुष्मान कार्ड काढून ठेवलं होतं, दवाखान्याचं बिल त्यातून भागलं. खर्चाला खरी सुरुवात झाली ती आई घरी आल्यावर. डायपर, हवेची गादी, नळीतून द्यायचं पातळ अन्न, इंदापूरहून येणारा फिजिओथेरपिस्ट. शिवाय सासूला कुशीवर वळवायला दोन-दोन तासांनी माणूस लागतं, म्हणून सुनेचा रोज बुडाला. ‘हप्ता भरायला आम्ही तयार आहोत, पण या खर्चाचा सरकारी विमा कुठं मिळतो?’ असं त्यांनी विचारलंय.

असा विमा आपल्याकडे नाही. महात्मा फुले योजना असो वा आयुष्मान, पैसे मिळतात ते भरती होऊन घेतलेल्या उपचाराचे. वर घरी गेल्यावर दहा-पंधरा दिवसांची औषधं. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला पाच लाखांचं कवच मिळालं, ही मोठीच गोष्ट झाली. पण त्या पाच लाखांतला एक रुपयाही कुशीवर वळवणाऱ्या हातांसाठी नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून काठी, कमोडची खुर्ची यांसाठी एकदाच तीन हजार मिळतात, तेवढ्यासाठी अर्ज जरूर करावा.

मग ऐच्छिक सरकारी विमा काढायला काय हरकत आहे? अमेरिकेनं नेमकं हेच करून पाहिलं. सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी हा ध्यास घेतला होता. ऑगस्ट 2009 मध्ये ते गेले आणि मार्च 2010 मध्ये ओबामांच्या आरोग्य कायद्यात ‘क्लास’ नावानं ही योजना आली. नोकरदारानं मर्जी असेल तर हप्ता भरायचा. पाच वर्षं भरल्यावर, आंघोळ, कपडे, जेवण अशा गोष्टींना दुसऱ्याची मदत लागू लागली, की दिवसाला सरासरी किमान पन्नास डॉलर रोख मिळणार. आजारी आहे म्हणून कुणाला नाकारायचं नाही, आणि सरकारी तिजोरीतून काही घालायचं नाही, हप्त्यांवरच सगळं चालवायचं. शिवाय पंचाहत्तर वर्षांचा हिशेब जुळतो असं दाखवायची अट कायद्यातच होती.

तो जुळला नाही. इंदापूर-बारामतीच्या शेतकऱ्याला याचं कारण फोड करून सांगायला नको. पीकविमा 2020 मध्ये कर्जदारांनाही ऐच्छिक झाला, तेव्हा धोक्यातल्या जिराईत तुकड्याचा विमा उतरवायचा आणि कालव्याखालच्या तुकड्याचा विचारही करायचा नाही, हे शहाणपण प्रत्येकाला सुचण्यासारखं होतं. ‘क्लास’मध्येही ज्याला आजार दिसू लागलाय तो आधी येणार, धडधाकट तरुण बाहेर राहणार. त्यामुळे हप्ता वाढणार, वाढल्यावर उरलेले धडधाकटही निघून जाणार. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचे मुख्य गणिती रिचर्ड फॉस्टर यांनी हा इशारा कायदा होण्याआधीच दिला होता. ऑक्टोबर 2011 मध्ये आरोग्यमंत्री कॅथलीन सेबेलियस यांनी योजना चालवण्याचा मार्ग सापडत नसल्याचं जाहीर केलं, आणि 2013 च्या जानेवारीत कायद्यातला तो भागच रद्द झाला. एकाही माणसाकडून हप्ता घेतला गेला नाही.

माझ्या मते केनेडींचा हेतू शंभर टक्के बरोबर होता. घात झाला तो ‘मर्जी असेल तर’ आणि ‘सरकार काही घालणार नाही’ या दोन अटी एकत्र आल्यामुळे. यातली एक तरी सोडावीच लागते.

जर्मनीनं पहिली सोडली. 1995 पासून तिथं शुश्रूषेचा विमा सक्तीचा आहे, पगारातूनच कापला जातो. मालकांनी त्यांच्या वाट्याबद्दल कुरकुर केली, तेव्हा भरपाई म्हणून देशानं वर्षातली एक धार्मिक सुट्टी सोडून दिली. फक्त सॅक्सनी प्रांतानं ती राखली आणि तिथले कामगार त्या बदल्यात जादा वर्गणी भरतात. मला या योजनेतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं. घरातल्याच माणसानं सेवा केली तरी घरात रोख रक्कम येते, आणि सेवा करणाऱ्याच्या पेन्शन खात्यातही विम्यातून भरणा होतो. म्हणजे सुनेचा बुडालेला रोज हिशेबात धरला जातो. जपाननं 2000 मध्ये चाळिशीपुढच्या सगळ्यांना सक्ती केली, पण कुटुंबाच्या हातात रोख न देता सेवा देणारी माणसं घरी पाठवण्याचं ठरवलं.

दुसरी अट सोडल्याचं उदाहरण आपल्याच देशात आहे, आणि ते फार कमी लोकांना ठाऊक असतं. 1999 च्या कायद्यानं स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी वर्षाला एक लाखाचं कवच. नोंदणीआधी वैद्यकीय तपासणी नाही. भरती न होता घेतलेले उपचार, वर्षभर चालणारी थेरपी, अगदी जाण्यायेण्याचा खर्चही त्यात बसतो. नाव नोंदवणं पालकांच्या मर्जीवर, कुटुंबाकडून नाममात्र शुल्क, बाकी भार सरकारचा. म्हणून ती तगली. दवाखान्याबाहेरचं दुखणं ओळखणारी ही दुर्मिळ सरकारी विमायोजना. वरकुट्याच्या आजींना मात्र ती लागू नाही, कारण पक्षाघात त्या चार गटांत येत नाही. तुमच्या वस्तीवर तसं मूल असेल तर त्याच्या आईवडिलांना आजच सांगा.

आपल्या भागात सुरुवात कुठून करता येईल, याचं माझं उत्तर ऊसबिल हे आहे. कापून घेण्याची व्यवस्था भवानीनगरपासून बिजवडीपर्यंतच्या साखर कारखान्यांत तयार आहे. सोसायटीचं कर्ज बिलातूनच वळतं होतं. टनामागं ठरावीक रक्कम प्रत्येक सभासदाची, अपवाद न करता, शुश्रूषा निधीत वळती केली तर धडधाकट बाहेर राहण्याचा प्रश्नच येत नाही. ठराव वार्षिक सभेत करता येईल. पण ज्याच्या नावावर गुंठाभर ऊस नाही, जो दुसऱ्याच्या बांधावर रोजानं जातो, त्याचं ऊसबिल निघत नाही आणि अंथरुणाला खिळण्याची धास्ती त्याच्याच घराला जास्त. त्याची वर्गणी ‘निरामय’सारखी सरकारनंच भरली पाहिजे. नाहीतर तो निधी बागाईतदारांचा होईल, गावाचा नाही.