मिंटची डबी कोणी ठेवली?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी फ्रीलान्सर नव्हते, लोअर परळच्या एका ऑफिसात रीतसर नऊ ते सात (म्हणायला नऊ ते सात!) नोकरी करत होते. एका सोमवारी सकाळी येऊन बघते, तर माझ्या कीबोर्डवर मिंटच्या गोळ्यांची छोटीशी डबी. नाव नाही, चिठ्ठी नाही. मनात म्हटलं, वा! कोणीतरी आपल्यावर लाइन मारतंय. पुढच्या आठवड्यात आणखी एक डबी, या वेळी स्ट्रॉबेरी फ्लेवर. आता तर खात्रीच पटली. क्रिएटिव्हमधला तो दाढीवाला असेल? की अकाउंट्समधला शांत मुलगा? लंच टाइमला जिवलग मैत्रिणीबरोबर यावर चक्क डिटेक्टिव्हगिरी चालायची. मैत्रीण हसायची, पण जरा जपूनच.

तिसऱ्या डबीच्या आठवड्यात ट्यूब पेटली. मीटिंगमध्ये काहीतरी समजावून सांगायला मी शेजारच्या मुलीकडे वळले आणि तिने खुर्ची मागे घेतली. इंचभरच. पण त्या एका इंचाने मागचं सगळं आठवायला लागलं. लोकलच्या ग्रुपमधली काकू माझ्याशी बोलताना नाकाशी रुमाल का धरायची? बॉस माझ्या स्क्रीनवर बघायला येण्याऐवजी 'मेल कर ना' का म्हणायचा?

चाहता वगैरे कोणी नव्हता हो. माझ्या तोंडाला वास येत होता. आणि तो बहुतेक सगळ्या मजल्याला माहीत होता, मी सोडून.

या प्रकारातली खरी गोची हीच आहे. आपला वास आपल्याला येत नाही. नाकाला रोजच्या वासाची सवय होते आणि मेंदू तो सरळ म्यूट करून टाकतो. इंटरव्ह्यूच्या आधी ओंजळीत हाऽऽ करून बघतो ना आपण, त्याचा फारसा उपयोग नसतो. इस्रायलमधल्या तेल अवीव विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मेल रोझेनबर्ग यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. स्वतःच्या श्वासाचा अंदाज माणसं नीट करू शकत नाहीत, हे त्यांच्या प्रयोगांतूनही दिसलं. २०२० मध्ये मास्क आले आणि पुष्कळ लोकांची स्वतःच्या श्वासाशी पहिल्यांदाच ओळख झाली, ती काही फार सुखाची नव्हती!

घरच्या घरी करायची एक टेस्ट आहे. मनगटाची आतली बाजू चाटायची, पाच-दहा सेकंद वाळू द्यायची आणि वास घ्यायचा. आणखी हिंमत असेल तर चमचा उलटा करून जिभेच्या अगदी मागच्या भागावरून ओढा आणि चमच्याचा वास घ्या. मी घेतला. त्यानंतर रात्रीचं जेवण काही गेलं नाही.

पोट साफ नाही तुझं!

आता मराठी घरात याचं निदान काय होणार ते सांगायलाच नको. आईने फोनवरच सांगून टाकलं, 'पोट साफ नसेल तुझं.' आजीने मागून दुजोरा दिला. मग दोन आठवडे रात्री कोमट पाण्याबरोबर त्रिफळा चूर्ण. पोट इतकं साफ झालं की एकदा बोरिवली फास्ट अंधेरीला सोडून उतरावं लागलं. तोंडाचा वास होता तिथेच होता.

शेवटी आमच्या गल्लीतल्या डेन्टिस्टबाईंकडे गेले. त्यांना हे पोटाचं प्रकरण पाठ होतं. त्या म्हणाल्या, अन्ननलिका एरवी मिटलेली असते, ढेकर आल्याशिवाय पोटातला वास वर येत नाही. जास्त ॲसिडिटी असणाऱ्यांना थोडा त्रास होऊ शकतो, पण दहातल्या आठ-नऊ जणांच्या बाबतीत गुन्हेगार तोंडातच बसलेला असतो. मग 'आ करा' झालं, आरसा आत गेला आणि माझे गुन्हेगार एकेक करून सापडले.

पहिला जिभेच्या मागच्या भागावरचा पांढरट थर. जीभ म्हणजे गालिचाच, तिच्या बारीक खाचांमध्ये अन्नाचे कण, मेलेल्या पेशी, लाळेतली प्रथिनं अडकतात. तिथे जे जंतू राहतात त्यांना ऑक्सिजन नकोच असतो. हे महाशय ती प्रथिनं खातात आणि त्यातून गंधकाचे वायू सोडतात. एक हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास, आणि दुसरा मिथाइल मरकॅप्टन, म्हणजे कुजक्या कोबीचा. थोडक्यात, नासका फ्रिज आपण तोंडात घेऊन फिरत असतो.

दुसरा गुन्हेगार हिरड्यांच्या कडेला साठलेलं कीटण. ब्रशने ते निघत नाही, त्याला स्केलिंगच लागतं. 'ब्रश करताना रक्त येतं का?' असं त्यांनी विचारलं तेव्हा मी 'थोडंसं, नॉर्मल' म्हणाले. ते नॉर्मल नसतं. हिरड्या सुजल्याचं ते लक्षण, आणि सुजलेल्या हिरडीखालच्या कप्प्यात त्याच जंतूंची पार्टी चालू असते.

आणि तिसरी, माझी लाडकी अक्कलदाढ. अर्धी बाहेर, अर्धी हिरडीखाली. त्या हिरडीच्या पदराखाली रोजची पोळीभाजी जाऊन बसत होती आणि तिथे ब्रश पोहोचतच नव्हता. दुखत नव्हती म्हणून मला पत्ताच नाही. नंतर ती काढावीच लागली. (अक्कल कमी झाल्याची तक्रार अजून तरी कोणी केलेली नाही.)

यात माझ्या ऑफिसच्या दिनक्रमाचाही हात होता. लाळ हा तोंडाचा फुकटातला सफाई कामगार. ती कमी झाली की जंतूंची चंगळ. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून सकाळी सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण माझी ती सकाळ दिवसभर संपतच नव्हती. ब्रेकफास्टला दांडी, पाण्याची बाटली भरलेली तशीच, दुपारपर्यंत तीन कॉफ्या, कॉलवर अखंड बडबड. वर ॲलर्जीची रोजची गोळी. या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. डिप्रेशनच्या आणि ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनीही तसं होतं. म्हणून गोळ्या बंद करू नका, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला. नाक चोंदलेलं असताना तोंडाने श्वास घेणाऱ्यांचंही हेच होतं. उपाशी राहण्याचा आणखी एक साइड इफेक्ट आहे. नवरात्राचे कडक उपास असोत की जिमवाल्याने सांगितलेलं कीटो डाएट, शरीर चरबी जाळायला लागलं की ॲसिटोन तयार होतं. श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो, आणि ब्रश कितीही घासा, त्याच्यावर त्याचा अधिकार चालत नाही.

लसणीचंही असंच. वडापावबरोबर ती लाल चटणी चापली आणि दहा मिनिटं ब्रश केला तरी संध्याकाळच्या डेटला ती हजर! कारण लसणीतून तयार होणारा ॲलिल मिथाइल सल्फाइड रक्तात शिरतो आणि फुप्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडत राहतो, कधीकधी दुसऱ्या दिवसापर्यंत. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की लसणीबरोबर दूध घेतलं तर वास कमी होतो, त्यातही साय न काढलेलं दूध जास्त चांगलं आणि जेवणानंतर घेण्यापेक्षा जेवतानाच घेतलेलं बरं. कच्चं सफरचंद आणि पुदिन्याची पानंही मदत करतात, हे त्यांच्या पुढच्या प्रयोगांत दिसलं. आता ठेच्याबरोबर दुधाचा ग्लास कोण घेणार, हा प्रश्न आहेच. मी सफरचंदवाली.

गोळी चघळा, प्रॉब्लेम वाढवा

आणि त्या मिंटच्या डब्या? त्या मी इमानदारीत संपवल्या होत्या. त्यात साखर होती. म्हणजे वास दहा मिनिटं झाकला जात होता आणि दात किडवणाऱ्या जंतूंना रतीब चालू होता. त्यापेक्षा बिनसाखरेचं च्युइंगगम बरं, चघळताना लाळ तरी सुटते. जेवणानंतरची बडीशेप, लवंग, वेलचीही चालेल, पण बडीशेपेवर रंगीत साखर नको. तंबाखू, सुपारी, सिगरेट आणि गावाकडची मिश्री याबद्दल मी वेगळं काही लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

माउथवॉशची एक गंमत सांगते. लिस्टरिन १८७९ मध्ये अमेरिकेत तयार झालं ते शस्त्रक्रियेच्या वेळचं जंतुनाशक म्हणून. नाव दिलं ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर यांच्यावरून. १९२० च्या दशकात कंपनीने 'हॅलिटोसिस' हा जवळजवळ विस्मरणात गेलेला डॉक्टरी शब्द उकरून काढला आणि जाहिरातींचा धडाका लावला. जाहिरातीतल्या सुंदर मुलीचं लग्न जमत नाही, आणि का जमत नाही ते तिची जवळची मैत्रीणसुद्धा तिला सांगत नाही. शंभर वर्षं झाली, पण मैत्रिणी अजून तशाच आहेत! माउथवॉशला माझा विरोध नाही. पण अल्कोहोलवाल्याने तोंड आणखी कोरडं पडू शकतं, आणि डॉक्टर कधीकधी क्लोरहेक्सिडीनवालं देतात ते महिनोन्‌महिने वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात. ज्यात झिंक असतं ते गंधकाच्या वायूंना बांधून ठेवतं. तरी जीभ न घासता नुसत्या गुळण्या करणं म्हणजे अंघोळीऐवजी डिओ मारणं.

माझ्या केसमध्ये काम केलं ते अगदी साध्या गोष्टींनी. स्केलिंग, दाढ काढणं, दोन वेळा दोन-दोन मिनिटं ब्रश, रात्री फ्लॉस (फ्लॉसचा वास एकदा घेऊन बघाच, मग कंटाळा करणार नाही) आणि टंग क्लीनर. तो जिभेच्या मागून पुढे, हळू ओढायचा. उबळ येते, पण जीभ पूर्ण बाहेर काढून श्वास सोडत केलं की आठवड्यात सवय होते. हा फंडा काही अमेरिकन नाही. चरकसंहितेत सोनं, चांदी, तांबं, कथील आणि पितळ यांच्या जीभ घासण्याच्या पट्ट्या सांगितल्या आहेत, धार नसलेल्या आणि वाकलेल्या. आजीकडची तांब्याची पट्टी तीच, जिला मी कॉलेजात असताना 'गावठी' म्हणाले होते.

एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक नाही, तर टॉन्सिलमधले खडे किंवा सायनस असू शकतं, कान-नाक-घसावाल्याला दाखवा. आणि श्वासाला अचानक गोडसर, फळासारखा वास येत असेल, बरोबर खूप तहान आणि थकवा असेल, तर आधी शुगर तपासा, तेही त्याच दिवशी. याच्या उलटही लोक असतात बरं का. वास अजिबात नसतो, डेन्टिस्ट सांगून थकतो, पण त्यांना खात्री असते की येतोय, आणि ते माणसांत मिसळणंच सोडतात. त्यांना माउथवॉशची नाही, समुपदेशकाची गरज असते.

डबी कोणी ठेवली ते नंतर कळलं. माझ्याच जिवलग मैत्रिणीने. माझ्याबरोबर बसून चाहत्यांची यादी करत होती तीच! मी भडकले. ती म्हणाली, 'अगं, तोंडावर कसं सांगणार होते?' महिनाभर बोललो नाही आम्ही. मला राग वासाचा नव्हता, माझं हसं होत असताना ती गप्प बसली याचा होता. पण मागच्या महिन्यात माझ्यावरच ती वेळ आली. आमच्या लोकलच्या ग्रुपमधली एक मुलगी, लग्नाचं बघणं चालू असलेली, हल्ली बोलताना तोंडावर हात ठेवत नव्हती, आणि ठेवायला हवा होता. चार दिवस मी पर्समध्ये मिंट घेऊन फिरले. खोटं कशाला बोला, हळूच तिच्या बॅगेत टाकायचा विचारही झाला.

पाचव्या दिवशी दादरला बायका उतरल्या, आम्ही दोघीच दारापाशी उरलो. म्हटलं, 'एक सांगू? रागावू नको. मला पण झालं होतं हे.' आणि सांगितलं. एका वाक्यात, हळू आवाजात. ती लालेलाल झाली. प्रभादेवी गेलं, ती बाहेरच बघत राहिली. लोअर परळला मी उतरायला वळले, तेव्हा मागून म्हणाली, 'डेन्टिस्टबाईंचा नंबर व्हॉट्सॲप कर. आणि ग्रुपवर नको टाकूस गं.'