आधी विद्यार्थी, मग मास्तर

सोलापूरच्या माणसाची परदेशी जायची बॅग भरायला घेतली, की शेंगाची चटणी आणि कडक भाकरी तिच्यात आपोआप जाऊन बसतात. अंगावर घ्यायला एक चादरही असतेच. पूर्वी ही बॅग बहुधा इंजिनिअरची किंवा डॉक्टरची असायची. आता तिकडच्या शाळांत इंग्रजी शिकवायला निघालेली मुलंमुलीही घराघरांत दिसू लागली आहेत. आईला काळजी जेवणाची, वडिलांना व्हिसाची. तिथं गेल्यावर मन कधी रमेल, हा प्रश्न मात्र विमान सुटल्यावरच आठवतो.

या प्रश्नाचं एक उत्तर सोलापूरच्याच एका मुलानं ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. तो इंग्रजीचा मास्तर नव्हता. पण परक्या देशात जाऊन तो मास्तर झाला, तेही अशा भाषेत, जिचं एक अक्षरही घरून निघताना त्याला येत नव्हतं.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव सोलापूरकरांना सांगायला नको. १० ऑक्टोबर १९१० रोजी ते इथं जन्मले आणि मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉक्टर झाले. १९३८ मध्ये जपानशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसनं वैद्यकीय पथक पाठवायचं ठरवलं. त्यातल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक. पथकप्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर आणि कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे बाकीचे चौघे. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे ही कथा घरोघरी पोचली. मात्र तिच्यातल्या शिक्षकाकडे आपलं फारसं लक्ष गेलेलं नाही.

चीनमध्ये पाचही डॉक्टरांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येकाच्या नावाशेवटी ‘हुआ’ आलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. पण नाव बदललं म्हणून काही माणूस रुजत नाही. १९३९ च्या सुरुवातीलाच सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. घर संकटात असताना परत फिरले असते, तर कुणी बोट दाखवलं नसतं. ते पुढं येनानला गेले आणि तिथून उत्तरेच्या डोंगराळ आघाडीवर.

तिथं डॉ. नॉर्मन बेथ्यून या कॅनडियन सर्जनच्या नावानं एक वैद्यकीय शाळा चालत होती. बेथ्यून नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. तेही थोर माणूस, पण त्यांचं काम दुभाष्याच्या मदतीनं चालायचं. कोटणीसांनी दुसरी वाट धरली. आपण स्वतः शिकलो इंग्रजीतून, आता शिकवायचं चिनीतून, असं ठरवून ते भाषेच्या मागं लागले.

ही भाषा सोपी नाही. एकच ‘मा’ स्वर बदलून चार तऱ्हांनी म्हटला, तर एकदा त्याचा अर्थ आई होतो, एकदा ताग, एकदा घोडा आणि एकदा शिव्या देणं! शिवाय बाराखडी नाही. चित्रासारखी हजारो अक्षरं एकेक करून डोक्यात बसवायची. दिवसा जखमी सैनिक, शस्त्रक्रिया आणि युद्धामुळे सारखं हलणारं बिऱ्हाड. खायला बहुधा राळे. आपल्याकडचे जुने लोक ज्याचा भात करायचे, तेच हे राळे. अशा धबडग्यात कोटणीस चिनीतून शस्त्रक्रियेचे तास घेऊ लागले, विद्यार्थ्यांसाठी चिनीतून पाठ्यपुस्तक लिहू लागले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आलं. त्याच वर्षी शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ‘यिनहुआ’. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

सोलापूरच्या मुलाला हे तुलनेनं सोपं गेलं असेल का? सांगता येत नाही. पण हे शहर मुळात भाषांच्या शेजारधर्मावर उभं आहे. पूर्वभागातल्या विणकरांच्या घरात तेलुगू, बाजारात कन्नड, पलीकडच्या गल्लीत उर्दू आणि शाळेत मराठी. समोरच्याची भाषा मोडकीतोडकी का होईना, बोलायची, यात इथं कुणाला कमीपणा वाटत नाही.

इंग्रजी शिकवायला निघालेल्यांनी ही शिदोरी विसरू नये. काही देशांत इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या नागरिकांना या नोकरीत झुकतं माप मिळतं, हे खरं. पण आपल्याजवळ एक वेगळी पुंजी आहे. आपण इंग्रजी शिकून घेतलेलं आहे, ठेचा खात. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ ही अव्ययं मराठीत नाहीत, म्हणून आपली मुलं तिथं चुकतात. चिनी क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही, म्हणून चिनी मूल ‘काल मी जातो’ अशा धर्तीचं इंग्रजी बोलतं. जपानी मुलाला ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ऐकू येत नाहीत. विद्यार्थी कुठं अडखळणार, हे त्याची भाषा थोडी तरी शिकलेल्या मास्तरलाच आधी कळतं. आणि भाजीवाल्याशी चुकतमाकत बोलणाऱ्या, चुकल्यावर स्वतः हसणाऱ्या मास्तरसमोर मुलंही चुकायला भीत नाहीत. परक्या गावी मन रमण्याची सुरुवातही बहुधा त्या भाजीवाल्यापाशीच होते.

अर्थात रुजण्याला किंमत असते आणि ती घरालाही मोजावी लागते. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यानं कोटणीस गेले. वय अवघं बत्तीस. दुसरं पाठ्यपुस्तक अर्धवट राहिलं. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. तोही पुढं वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये गेला. गुओ छिंगलान पुढं अनेकदा भारतात येऊन गेल्या आणि सासरचं नातं त्यांनी २०१२ पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत जपलं. सोलापूरच्या घरानं मुलगा गमावला, आणि दूरदेशीची एक सून मिळवली.

आज रोज व्हिडिओवर चेहरा दिसतो, सुदैवानं युद्धही नाही. तरी दारातून निघणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आईवडिलांनी एक गोष्ट जरूर सांगावी. चटणी संपेपर्यंत तिथल्या भाषेतली निदान शंभर वाक्यं यायला हवीत. चटणी काय, मागाहून पाठवता येईल. ती शंभर वाक्यं मात्र जाणाऱ्यालाच मिळवावी लागतील.