कड हलू नये, पण वळावी

ॲल्युमिनियमचा एक पत्रा घ्या. ५० बाय ४० सेंटिमीटर, जाडी ३ मिलिमीटर. चारही कडा नुसत्या टेकलेल्या धरल्या, तर गणितानुसार त्याचं पहिलं, म्हणजे सर्वांत संथ नैसर्गिक कंपन सेकंदाला सुमारे ७५ वेळा. त्याच कडा जखडल्या, तर सुमारे १३९. पत्रा तोच, फरक सगळा कडेचा.

टेकलेल्या कडेचं गणित जुनं आहे. अशा आयताकृती पत्र्याच्या वाकण्याचं उत्तर फ्रेंच अभियंते नाविए यांनी १८२० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं. त्यांची अट एका ओळीची: कड वरखाली हलू नये, पण वळायला मोकळी असावी. दार बिजागरीवर फिरतं, तसं.

ही एक ओळ प्रयोगशाळेत उतरवायची कशी? कड स्क्रूंनी आवळली, की तिचं वळणं अडतं आणि आकडा ७५ आणि १३९ यांच्या मध्ये कुठेतरी लटकतो. धारेवर नुसती ठेवली, तर पत्रा उचलला जाऊन खडखडतो. रबरावर ठेवली, तर कडच खालीवर होते. मग अशा पत्र्यावर आवाज कमी करणारं नवं अस्तर लावून तपासताना उत्तर चुकलं, तर दोष अस्तराचा की कडेचा? सांगता येत नाही.

वाट दाखवली एका पात्याने. दाढीचं ब्लेड उभं धरा. बाजूने बोट लावलं की वाकतं. धारेच्या दिशेने दाबलं तर सहज दबत नाही. जाडी निम्मी केली, की वाकण्याला होणारा विरोध आठपट घटतो, दबण्याला होणारा मात्र फक्त निम्मा. म्हणजे पातळ पातं कडेला उचलून धरतं आणि वळूही देतं. हवी होती तीच बिजागरी! फार पातळ केलं, तर मात्र पातंच लचकतं. जाडी नेमकी साधावी लागते.

कॅनडातल्या शेरब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१६ मध्ये ही रचना तपशिलाने प्रसिद्ध केली. पत्र्याच्या कडांना पातळ पाती चिकटवायची आणि ती भक्कम चौकटीत बसवायची. मोजलेली कंपनं सूत्राशी जवळून जुळली.

अवघड समीकरणं केव्हाच सुटली होती. अडलं होतं ते त्यांच्या सर्वांत साध्या अटीपाशी. आणि ती अट पुरी केली गोंद, चौकट आणि पातळ पात्याने, माणसाच्या हातांनी.