रडणाऱ्या पोराला पाच रुपयांचा पुडा

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरची कर्ती माणसं ऊसतोडीला निघून जातात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. मागं उरतात म्हातारी माणसं आणि नातवंडं. दिवस मावळताना फडावरून आईचा फोन येतो. फोन ठेवला की पोरगं भोकाड पसरतं. मग आजी कनवटीचं पाच रुपयांचं नाणं काढून देते. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या दारात पुड्यांच्या माळा टांगलेल्याच असतात. पुडा फुटतो, बोटं नारिंगी होतात आणि रडं थांबतं.

रडं फोनच्या मागोमाग येतं, म्हणजे ही भूक पोटाची नव्हे. मन भरून आलं की हात खाण्याकडे वळतो, याला तज्ज्ञ ‘भावनिक खाणं’ म्हणतात. ही खोड रक्तातून येते की घरात लागते, याचा शोध ब्रिटनमधल्या संशोधकांनी जुळ्या मुलांवरून घेतला. २००७ मध्ये जन्मलेल्या जुळ्यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. भावनेच्या भरात जास्त किंवा कमी खाण्यात आनुवंशिकतेचा वाटा अगदी थोडा निघाला. मोठा वाटा होता तो घरच्या वातावरणाचा. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात सुमारे ८०० मुलांकडे चौथ्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत लक्ष ठेवलं गेलं. लहानपणी खाऊ देऊन ज्यांची समजूत काढली गेली, ती मुलं पुढं मन दुखलं की जास्त खाताना दिसली. उलटंही तितकंच खरं ठरलं. जे मूल खाऊनं पटकन शांत होतं, त्याला मोठी माणसं आणखी खाऊ देतात. चूक कुणा एकाची नाही. आजी आणि नातू एकमेकांना शिकवत असतात.

शिवाय आजीपाशी दुसरं साधन तरी काय असतं? तिचे गुडघे दुखतात, तिन्हीसांजेला चूल पेटवायची असते आणि पाच रुपयांत मिळणारी शांतता तिला परवडते. बाहेरून येऊन तिला आहाराचे धडे देणाऱ्यांनी एक हिवाळा तिथं काढून पाहावा.

ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. ताण रेंगाळला तर ते गोड-तेलकटाची ओढ लावतं, आणि तसं खाल्लं की मेंदूतली सुखाची यंत्रणा लगेच पावती देते. काही माणसांचं मात्र दुःखात अन्नावरचं मनच उडतं. गंमत अशी की, ज्या दिलाशासाठी आपण खातो तो बहुधा खाण्यातून येतच नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना उदास करणारी दृश्यं दाखवली. मग काहींना त्यांचा लाडका पदार्थ दिला, काहींना साधंसुधं काही दिलं, काहींना काहीच दिलं नाही. थोड्या वेळानं सगळ्यांची मनं सारखीच सावरली. २०१४ मध्ये हा निष्कर्ष छापून आला. दुःख आपसूक ओसरलं होतं आणि श्रेय मात्र पदार्थ घेऊन गेला असता.

बीड शहरातल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांची गोष्ट जरा निराळी. रात्री बाराला वडापाव आणि चौथा-पाचवा चहा, यामागं निकालाची धास्ती असते तशी अपुरी झोपही. शिकागो विद्यापीठातल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. दहा तास झोपण्याची मुभा होती तेव्हाच्या तुलनेत भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्के वाढलं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्के घटलं. मनाच्या निग्रहाला दोष देण्याआधी घड्याळ बघावं. चहाचाही हिशोब करावा: दोन चमचे साखरेच्या एका चहात आठ-दहा ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहणं उत्तम मानते.

फडावरच्या बाईला हे ऐकवण्यात मात्र अर्थ नाही. पहाटे अंधारात कोयता हातात घ्यायचा आणि रात्री गाडी येईल तेव्हा ती भरायची, अशा दिवसात तिच्या गोड चहामागं खरी भूक असते. अनेकींच्या मिश्रीमागंही तीच. तंबाखूतलं निकोटीन भूक मारतं. तिला आधी पोटभर जेवण हवं आणि झोप हवी.

बाकीच्यांसाठी उपाय साधे आहेत, आणि त्यातला पहिला म्हणजे जेवण न चुकवणं. दिवसभर उपाशी राहिलेला माणूस संध्याकाळी कशावरही तुटून पडतो. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे आपल्याकडे सांगून झालेलंच आहे. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी यांत तंतू आणि प्रथिनं असल्यानं पोटाला बराच वेळ आधार राहतो. मधल्या वेळेला फुटाणे-शेंगदाणे हाताशी असले की पुड्याची आठवण कमी होते. हात डब्याकडे गेला की दहा मिनिटं थांबावं आणि आत्ता भाकरी-चटणी चालेल का, असं स्वतःला विचारावं. चालणार असेल तर भूक खरी आहे, खुशाल जेवावं. नसेल तर अंगणात एक चक्कर मारावी, कुणाशी तरी बोलावं. नातवाच्या बाबतीत हे बोलणं फोनच्या लगेच नंतर व्हायला हवं. ‘आईची आठवण आली का रं?’ एवढं विचारून त्याला मांडीवर घेतलं, तर निदान रडण्याचं कारण त्याला कळतं. खाऊ द्यायचाच तर रडण्याशी न जोडता, ठरल्या वेळी द्यावा.

थोडंसं मन रमवायला खाणं हा काही आजार नव्हे; सणाला पुरणपोळी आपण भुकेपोटी थोडीच खातो? पण आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने, ताबा सुटून बकाबका खाणं होत असेल आणि नंतर स्वतःचीच किळस वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. तिथवर जाणं जमत नसेल तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीतूनही बोलता येतं.