चढताना क्लच, उतरताना ब्रेक

मे महिन्यातला सोमवार. सकाळचे अकरा वाजलेत आणि कामोठ्याची हवा आत्ताच चिकट झालीय. खाडी जवळ, त्यामुळे अंगावरचा घाम वाळत नाही. इमारतींच्या तळमजल्यावर ओळीनं गाळे: टायरवाला, बॅटरीवाला, सीटकव्हरवाला, मग गॅरेज. आत दोन गाड्या मावतात. बाकीच्या रस्त्याकडेला रांगेत तापतायत. झाडाची सावली एकीलाच मिळालीय, आणि तिचा मालक आत बसून घोरतोय.

सोमवारची रांग वेगळी असते. कळंबोली इथून हाकेच्या अंतरावर. तिथून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो, तो किवळ्यापर्यंत ९४.५ किलोमीटर. त्यातला खोपोली ते लोणावळा हा घाटाचा तुकडा या गॅरेजला पुरून उरतो. शनिवारी चढताना क्लच, रविवारी उतरताना ब्रेक, असा इथला हिशेब. सुट्टीला घाटात गाड्या इंचाइंचानं सरकतात. डावा पाय क्लचवर अर्धवट, उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर. तासभर हेच.

"मिस्त्री, जळका वास येतोय. गिअरबॉक्स गेला वाटतं."

मिस्त्री बॉनेट उघडत नाहीत. "कधी येतो वास? चढावर, की गाडी थांबवल्यावर?"

"थांबवल्यावर. पुढून."

पोऱ्या जॅक लावतो. मिस्त्री फळकुटावर पाठ टेकून गाडीखाली सरकतात, बॅटरी मारतात. गिअरबॉक्सच्या खालच्या अंगाला ओलसर काळा थर, त्यावर धूळ चिकटलेली. बाजूनं सायलेन्सरचा पाइप जातो, त्यावर वाळलेले तपकिरी डाग. ते बोटानं थोडं तेल घेतात, नाकाशी नेतात. गंधकाचा उग्र दर्प. गिअर ऑइलच. ड्राइव्ह शाफ्टचं सील फाटलंय, थेंब गरम पाइपवर पडून जळतोय. गिअरबॉक्स शाबूत. तरी ड्रेन बोल्ट काढून बघतात. त्याच्या चुंबकावर राखाडी चिखल जमलेला. "हा चालतो. झिजेचा असतो. चकाकणारे तुकडे निघाले असते, तर वाईट होतं." सील, दोनेक लिटर ऑइल, मजुरी. मालकाचा चेहरा उजळतो.

बाकावर चौघं बसलेत. पंखा गरम हवाच फिरवतोय. चहा येतो, मोबाइलवर कुणीतरी ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा टाकतो. लांबून लोकलचा भोंगा ऐकू येतो. पलीकडे टायरवाल्याची इम्पॅक्ट गन कडाडते आणि बोलणं तुटतं.

रांगेतली पुढची गाडी. हिच्या खाली थेंबसुद्धा नाही. मिस्त्री स्वतः स्टिअरिंगवर बसतात. हॅन्डब्रेक ओढतात, तिसरा गिअर टाकतात, थोडी रेस देऊन क्लच सोडतात. इंजिन गचका देऊन बंद पडायला हवं. पडत नाही. गुरगुरत राहतं आणि चाकांजवळून तो वास उठतो. बाकावरचे चौघंही नाक मुरडतात. परीक्षा एकदाच, पुन्हा केली तर उरलेली प्लेटही जळेल. "प्लेट घसरतेय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल."

उतरवल्यावर काय दिसतं, ते आतल्या गाडीपाशी बघायला मिळतं. जुनी क्लच प्लेट फरशीवर पडलीय. घर्षणाचा थर इतका झिजलाय की रिव्हेटची डोकी वर आलीत. फ्लायव्हीलवर निळसर चट्टे. लोखंड किती तापलं होतं, त्याची ही खूण. मिस्त्री चट्ट्यावर नख फिरवतात. बारीक तडा लागतो. म्हणजे खर्च वाढला. नीट चालवली तर हीच प्लेट लाखभर किलोमीटरही जाते.

"माझ्या गाडीला क्लचच नाही," एक साहेब पुढे होतात. गाडी एएमटी. मिस्त्री हसतात. "पायाखाली नाही, आत आहे." २०१४ साली सेलेरिओबरोबर ही सोय स्वस्त गाड्यांत आली; क्लच तोच, दाबणारं फक्त यंत्र. चढावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की तो तसाच जळतो. टॉर्क कन्व्हर्टरवाली पूर्ण ऑटोमॅटिक आली तर मिस्त्री तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकतात. लाल असेल तर ठीक. कॉफीसारखा काळपट आणि करपट वासाचा असेल, तर ते पाना खाली ठेवतात. त्या कामाच्या माणसाकडे पाठवतात. मला हे गॅरेजच्या पाटीपेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

रांगेतल्या शेवटच्या गाडीचा आजार तर दोन मिनिटांत निघतो. सायलेन्सरला वितळून चिकटलेली पातळ पिशवी, २०१८ पासून राज्यात बंदी असलेली. पोऱ्या ती खरवडून काढतो. मिस्त्री पैसे घेत नाहीत.

चार वाजता नव्या प्लेटची गाडी सायन-पनवेल रस्त्यावर चक्कर मारून येते. वास नाही. मिस्त्री चावी देताना बजावतात: पहिले ५०० किलोमीटर नरम पायानं चालवा, येत्या शनिवारी घाट नको. आणि वास परत आला तर त्याच दिवशी दाखवा. तेव्हा नुसती प्लेट बदलावी लागते, महिन्यानं फ्लायव्हीलही.