रोज रात्री स्वतःची चादर विणणारा मासा

सोलापूरपासून समुद्र किती लांब? नकाशावर सरळ रेघ मारली तरी अडीचशे किलोमीटरच्या वर! त्यात मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर. अशा गावात घरातल्या काचेच्या टाकीत समुद्री मासे पाळायचे म्हणजे आगाऊपणाच की. पण रॅस नावाचे मासे एकदा बघितलेत, तर हा आगाऊपणा करावासा वाटेल.

रॅसच्या 600हून जास्त जाती आहेत. नेपोलियन रॅस दोन मीटरपर्यंत वाढतो, तो टाकीत कुठला मावायला! घरात शोभतो तो बोटाएवढा सिक्सलाइन. अंगावर केशरी आणि निळ्या-जांभळ्या आडव्या रेघा, आणि स्वभाव असा, की नवा मासा आला रे आला, की त्याला हुसकायला धावलाच.

रात्री हा दांडगट दगडाच्या फटीत शिरतो आणि अंगातून चिकट पदार्थ सोडून स्वतःभोवती पारदर्शक आवरण तयार करतो. चादर सोलापूरची प्रसिद्ध, पण रोज रात्री नवी विणून सकाळी टाकून देणारा कारागीर आपल्याकडेही नाही! रॅसचा चुलतभाऊ पोपटमासाही असंच करतो. 2010 साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी झोपलेल्या काही पोपटमाशांना हळूच आवरणाबाहेर काढलं. त्यातल्या बहुतेकांना रक्त पिणारे बारके किडे डसले. चादरीतले बहुतेक वाचले. म्हणजे ही चादर कसली, मच्छरदाणीच!

काही रॅस मात्र संध्याकाळ झाली की सूर मारून वाळूत गडप होतात. म्हणून त्यांच्या टाकीत बारीक वाळूचा जाड थर हवाच. नवा आणलेला रॅस कधीकधी कित्येक दिवस वाळूतून तोंडच काढत नाही. घाबरून उकरायला जाऊ नका. येईल वर.

आता एक कोडं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे 100 लिटरच्या टाकीला साडेतीन किलो. (स्वयंपाकघरातलं नाही हं, त्यात समुद्राचे बाकीचे क्षार नसतात. मरीन सॉल्ट वेगळं मिळतं.) सोलापूरच्या कोरड्या हवेत टाकीतलं पाणी भराभर उडून जातं. मग वरून कुठलं पाणी घालाल, खारं की गोडं?

खारं म्हणालात ना? चुकलात! उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. खारं घालत गेलात तर पाणी खारट होत होत मासा संपेल. म्हणून आरओचं गोडं पाणीच घालायचं. पाणी 25 ते 27 अंशांवर राहावं म्हणून उन्हाळ्यात चिलर लावावा लागतो, कारण तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो.

अजून एक गंमत. बहुतेक रॅस जन्मतात माद्या म्हणून. कळपातला नर गेला, की सगळ्यात मोठी मादी हळूहळू रंग बदलते आणि नर होते!

पण सगळ्यांत हुशार तो क्लीनर रॅस. मोठ्या माशांच्या अंगावरचे, अगदी तोंडातलेसुद्धा किडे वेचून खातो आणि ते मासे त्याला गिळत नाहीत. 2019 साली जपानमधल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या गळ्यावर ठिपका काढून समोर आरसा ठेवला. पठ्ठ्याने आरशात बघितलं आणि गळा खाली घासून ठिपका पुसायला लागला!

एवढा गुणी असूनही क्लीनर रॅस दुकानात दिसला तर आणू नका. घरच्या टाकीत त्याला पोटभर किडे मिळत नाहीत, तो उपाशी मरतो. समुद्रातले कठीण प्रवाळही नकोत, 2001पासून त्यांना आपल्याकडे वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आणि रॅस आणलातच, तर टाकीवर जाळीचं झाकण आधी बसवा. रॅस उड्या मारण्यात पटाईत असतात.